गुत्त्यामागचं लाल टिंब

चिलेशे ओट्यावर बसून एका गिऱ्हाइकाच्या केसांच्या बारीक वेण्या घालत होती, तेव्हा काकोमा आला. भर दुपारी. कोपऱ्यातली बादली त्याने ओढून पालथी घातली, तिच्यावर बसला आणि खिशातून फोन काढला.

"बेसाची आई, तुम्हाला नकाशातलं कळतं म्हणे. जरा बघा हे."

लुसाकाच्या पश्चिमेकडच्या त्या वस्तीत आता बऱ्याच जणांना नकाशातलं कळायला लागलं होतं. नगर परिषदेला तिथे दिव्यांचे खांब लावायचे होते, गटारं बांधायची होती. पण आत कुठे काय आहे ते परिषदेच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. म्हणून गल्लीगल्लीतल्या माणसांनी फोन घेऊन हिंडायचं आणि सगळ्यांच्या एकाच नकाशावर नळ, गटारं, संडास, पाऊलवाटा भरायच्या, असं ठरलं. बायकांना सांगितलं होतं, जिथे जायला भीती वाटते तिथे लाल टिंब द्या.

चिलेशेने एकच टिंब दिलं होतं. काकोमाच्या हातभट्टीच्या गुत्त्यामागचा, विटांच्या दोन भिंतींमधला बोळ. तिन्हीसांजेला पाणी आणताना तिथे त्याच्या माणसांनी तिला अडवलं होतं. ती कशीबशी सुटली होती. घरी कुणाला बोलली नव्हती, नवऱ्यालाही नाही. टिंबाखाली मात्र तिने लिहिलं, 'इथे बाईने एकटीने जाऊ नये.'

टिंबावर बोट ठेवलं की भरणाऱ्याचं नाव दिसतं, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. काकोमाच्या आलं होतं.

"चिलेशे," त्याने वाचलं. "वस्तीत किती चिलेशे असतील हो?"

"असतील बऱ्याच."

"असतील. पण फोन घेऊन हिंडणाऱ्या?" तो हसला. "माझ्या दाराशी लाल डाग. लोक विचारतात, काकोमा, तुझ्याकडे पटकी झालीय का? धंद्याच्या माणसाला हे बरं नाही." मग गल्लीकडे बघत म्हणाला, "तुमची बेसा मोठी झाली. शाळेतून आमच्याच बाजूने येते ना?"

गिऱ्हाइकाने मान आणखीच खाली घातली. चिलेशेच्या बोटांत केसांची बट तशीच अडकून राहिली. काकोमा उठला, बादली होती तिथे नीट ठेवून निघून गेला.

वेण्या कशाबशा पुऱ्या करून ती न्हाणीत शिरली, पत्र्याचं दार लावलं आणि टिंब पुसून टाकलं. घाईत दोनदा भलतंच काही उघडलं. मग ती धावतच शाळेत गेली आणि बेसाला मोठ्या रस्त्याने, लांबून घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताओंगा आली. त्यांच्या भागातलं नकाशाचं काम तीच बघायची.

"तू काढलंस. नकाशातून कोण काय काढतं तेही दिसतं, चिलेशे."

"भित्री म्हण मला."

"मी कशाला म्हणू? पण खांबांच्या जागा आता ठरतायत. टिंब नाही तर दिवा नाही. मी परत घातलंय, समितीच्या नावाने. तुझं नाव कुठे नाही."

"नाव नसलं म्हणून काय झालं? त्याला आठवण माझीच येणार. काढ ते, ताओंगा."

"पाठवून झालं गं. आता साहेबांच्या हातात आहे."

दुपारी मक्याच्या पिठाच्या न्शिमाचा घास तिच्या हातातच गार झाला. गल्लीत पाऊल वाजलं की ती दाराकडे बघायची. शेवटी तिला वाटलं, तो पुन्हा दाराशी यायच्या आत आपणच जाऊन सांगावं. माझं मी काढलं, नवं माझं नाही. एवढंच. उन्हं आहेत तोवर जावं.

गुत्त्याचं दार त्या मागच्या बोळातच होतं. भिंती उन्हाने तापल्या होत्या, आंबलेल्या दाण्यांचा वास येत होता. ती भिंतीला अंग चोरून चालली. बाकावर तिघं बसले होते. त्यातल्या एकाने पाय मागे घेऊन तिला वाट दिली आणि हसला. ते हसू तिला ओळखीचं होतं.

काकोमा बाटल्या भरत होता. "या. मी येणारच होतो तुमच्याकडे. टिंब परत आलंय."

"माझं मी काढलं. त्याच दिवशी काढलं."

"मग हे कुणाचं?"

हा प्रश्न येईल हे तिने धरलंच नव्हतं. वाटभर घोकलेलं बोलून झालं होतं. ताओंगाचं नाव अगदी ओठांशी आलं. ताओंगा दवाखान्यातलं काम संपवून रोज अंधार पडताना याच बाजूने घरी यायची.

"तेही माझंच," चिलेशे म्हणाली. "समितीच्या नावाने मीच घातलं."

बाकावरचं हसणं थांबलं. काकोमाने बाटलीला बूच लावलं, अंगठ्याने दाबलं.

"मग इथे कशाला आलात?"

"भीती वाटली म्हणून."

"दिवा लागला की गिऱ्हाईक बसत नाही हो," तो गाऱ्हाणं सांगितल्यासारखा म्हणाला. "जा आता. ही पोरं काही करणार नाहीत. आज."

ते 'आज' ऐकत ती घरापर्यंत आली.

खांब उभा राहिला. पहिला दिवा कुणीतरी दगडाने फोडला, दुसराही. मग परिषदेने तारेच्या जाळीतला बसवला, तो टिकला. एका संध्याकाळी चिलेशेच्या पत्र्यावर दगड आदळला. नवरा बाहेर धावणार तोच तिने त्याला आत ओढलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तो दाराला आतून अडसर घालून जमिनीवरच बसून राहिला.

बायका आता दोघीतिघी मिळून त्या बोळातून जातात. ताओंगाही जाते आणि चिलेशेला चिडवते, "दिवा तुझा, आणि तूच फिरकत नाहीस." त्या दिवशी आपण गुत्त्यावर काय सांगायला गेलो होतो आणि काय सांगून आलो, ते चिलेशेने तिला अजून सांगितलेलं नाही.

ती मोठ्या रस्त्यानेच जाते. बेसाचा हात धरून.

"आई, सोड ना. मैत्रिणी बघतात."

"बघू देत. चल तू."