निळ्या रेघा, लाल रेघा

मित्रांनो, २०१६ साल होतं ते. त्या वर्षी मी छापखान्यातून बाहेर पडलो आणि त्याच वर्षी तळोद्याच्या झुंबरलाल शेठची मुलगी मोहिनी घर सोडून गेली. मी एक जुनं पुस्तक आहे. रोजच्या जगण्यात नाती कशी सांभाळावीत, हे मी शिकवतो. माझ्या पोटात एकवीस धडे आहेत आणि मुखपृष्ठावर आई, वडील आणि दोन मुलं हसत उभी आहेत. ते हसू आता पिवळं पडलं आहे.

पुण्यात माझी पानं शिवली, डिंक लावला, कडा कापल्या. मग खोक्यात बसून मी तळोद्याला आलो. शाळेच्या हॉलमध्ये पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. पांढरा सदरा घातलेल्या एका उंच माणसाने मला उचललं, मागचा मजकूर दोनदा वाचला आणि काखेत धरून नेलं. ते झुंबरलाल शेठ. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. आठ महिन्यांपूर्वी मोहिनीने कळसाडीच्या हेमराजशी लग्न केलं होतं. दोघं शहाद्याच्या कॉलेजात बरोबर होते. तो गुजर शेतकऱ्याचा मुलगा, हे जैन व्यापारी. शेठ एवढंच म्हणाले होते, "पहिले ती येईल, मग मी बोलेन." त्यानंतर घरात तिचं नाव निघालं नाही.

त्यांच्या पत्नीने, अनोखीबाईंनी, शर्टिंगच्या उरलेल्या तुकड्याचं मला कव्हर शिवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. सुई ओवत त्या म्हणाल्या, "पुस्तकले बी झबलं लागस." इतक्या मायेने मला कुणी हाताळलं नव्हतं.

माझे ते दिवस मानाचे होते. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की शेठ गादीवर बसून मला वाचत. डोंगरातून जीपने कापड घ्यायला येणारी माणसं त्यांना घरची गाऱ्हाणी सांगत, आणि शेठ माझ्यातला धडा वाचून दाखवत. फत्तेसिंग नावाच्या गिऱ्हाइकाचं भावाशी चार वर्षं बोलणं नव्हतं. शेठ त्याला म्हणाले, "कोण चुकला ते नंतर पाहा. आधी त्याच्या दारात जाऊन उभा राहा." पुढच्या बाजाराला फत्तेसिंग भावाला घेऊन आला आणि दोघांनी एकाच ताग्यातलं कापड घेतलं. शेठनी माझ्यावर हात फिरवला. मला फार अभिमान वाटला. आत पडद्याआड अनोखीबाई पापड लाटत होत्या. त्यांचं लाटणं थांबलं होतं.

भाद्रपदात पर्युषण आलं. जैनांमध्ये पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, सगळ्यांची क्षमा मागतात, तुम्हाला ठाऊक असेल. शेठनी हमालाला हात जोडले, चहावाल्याला जोडले, शेजाऱ्यांना जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, काही चुकलं असेल तर क्षमा करा." कळसाडीहून केळी विकायला येणाऱ्या दगूबाईलाही जोडले. ती मोहिनीच्या घराजवळच राहायची.

ती म्हणाली, "शेठ, मन्हाकडे हात जोडीसन काय व्हई? मी कधी रुसनू तुम्हनावर? कळसाडीले जोडा ना."

शेठनी मला उघडलं, निळ्या पेन्सिलीने एका वाक्याखाली रेघ मारली, पानाचा कोपरा दुमडला आणि मला दगूबाईच्या टोपलीत ठेवलं. ते वाक्य होतं, 'आईवडिलांचं मन मोडून मिळालेलं सुख अपुरं राहतं.'

"वाचेल ती," शेठ म्हणाले. "समजेल तिला."

मित्रांनो, त्यांना खरंच वाटत होतं की आपण हात पुढे केला आहे.

कळसाडीत मोहिनीने मला दोन्ही हातांनी घेतलं. आईने शिवलेलं कव्हर गालाला लावलं. मग दुमडलेलं पान उघडलं आणि निळी रेघ वाचली. संध्याकाळी तिने लाल पेन घेतलं आणि दुसऱ्या धड्यातल्या वाक्याखाली रेघ ओढली. 'मूल म्हणजे आपल्या मालकीची वस्तू नव्हे.' पुढच्या बाजाराला मी केळ्यांवर बसून परत.

असं सहा वर्षं चाललं. दर संवत्सरीनंतर एक निळी रेघ जायची, एक लाल रेघ यायची. दोघंही मला मन लावून वाचत होते. पण शेठ मोहिनीच्या चुका शोधत होते आणि मोहिनी शेठच्या. स्वतःसाठी कुणी एक ओळ वाचली नाही. ज्या धड्याने फत्तेसिंग भावाच्या दारात गेला, त्या पानावर एकही रेघ नव्हती.

दगूबाई वैतागायची. "मी काय टपालवाली शे का? केळी कमी नि हाई पुस्तकच जास्त उचलस मी."

अनोखीबाई मात्र माझी वाट पाहत. मी परत आलो की मला नाकाशी धरत. कळसाडीला हेमराजच्या उसाचं गुऱ्हाळ होतं, त्याचा वास माझ्या पानांत बसलेला असे. मोहिनी गेली त्या दिवशी त्यांनी नियम घेतला होता. लेकीचं तोंड पाहीपर्यंत गूळ खायचा नाही. मोहिनीला मुलगी झाली, नेहल नाव ठेवलं, हे त्यांना दगूबाईनेच सांगितलं. त्या दिवशीही त्यांनी गूळ तोंडात घातला नाही. नवऱ्याला डावलून पाऊल टाकणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. एकदा फक्त म्हणाल्या, "इतलं मोठं पुस्तक शे. त्यामा कोठे लिखेल नही का, जीपमा बठीसन पोरकडे जावानं?"

शेठ चष्मा पुसत म्हणाले, "तसं लगेच नसतं. मन तयार व्हायला लागतं."

२०२२ च्या संवत्सरीनंतर शेठनी नेहमीसारखी रेघ मारली, कोपरा दुमडला आणि ते देरासरात दर्शनाला गेले. अनोखीबाई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी मला मांडीवर घेतलं. एकेक पान उलटत त्या निळ्या आणि लाल रेघांवरून बोट फिरवत राहिल्या. शेवटी त्या माझ्या अगदी मागच्या कोऱ्या पानापाशी आल्या. उठून डब्यातल्या हळदीत अंगठा बुडवून आल्या आणि तो त्या पानावर दाबून धरला.

"हाई मन्ही रेघ," त्या हळूच म्हणाल्या.

मी कळसाडीला गेलो. या वेळी मोहिनीने कव्हर गालाला लावलं नाही. दुमडलेलं पान उघडलं, रेघ पाहिली आणि मला मिटलं.

हेमराज म्हणाला, "एकदाव फोन तरी लाव. माय शे तुन्ही."

"पहिले बाबूजी लावथीन," ती म्हणाली. आणि तिने मला फडताळाच्या वरच्या खणात टाकलं.

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो, बाई, शेवटचं पान उघड. पण आम्ही पुस्तकं, कुणी उघडल्याशिवाय आम्हाला बोलता येत नाही. माझ्यावर धूळ बसली, कव्हरला कसर लागली.

फाल्गुनात फोन आला. तो शेठचाच होता, सात वर्षांतला पहिला. ते एवढंच म्हणाले, "मोहिनी, तुझी आई गेली." चार दिवस ताप होता, असं नंतर कळलं.

मोहिनी जीपने तळोद्याला गेली. आठ दिवसांनी परतली तेव्हा तिने मला खाली काढलं. आईच्या हातचं तेवढं कव्हरच तिच्याकडे होतं. कव्हर धुवावं म्हणून ते काढताना मागचं पान उघडलं आणि पिवळा अंगठा तिच्यासमोर आला. ती उभीच राहिली. मग खाली बसली आणि मला उराशी धरून तिने जो हुंदका दिला, तो माझ्या शिवणीपर्यंत पोचला.

दुसऱ्या दिवशी तळोद्याला जाऊन तिने मला शेठसमोर ठेवलं. शेठनी चष्मा काढून पुन्हा घातला.

"तिचाच अंगठा आहे," ते म्हणाले. "हे पान मी कधी उघडलंच नाही."

"मीही नाही, बाबूजी."

त्यानंतर बराच वेळ दोघांपैकी उठून कुणी गेलं नाही.

आता शेठ दुकान चालवत नाहीत. दर पंधरवड्याला जीपने कळसाडीला येतात. गुऱ्हाळाचा ताजा गूळ हेमराज पुढे करतो, शेठ हात जोडतात. अनोखीबाईंचा तो नियम आता त्यांनी घेतला आहे आणि तो कधी सुटायचा नाही. दगूबाई बाजारात केळी विकते, टोपली हलकी झाली म्हणते आणि डोळे पुसते. फत्तेसिंग भावाबरोबर अजून कापड घ्यायला येतो. नेहल दुसरीत आहे. तिने आजीला पाहिलं नाही. ती माझं मागचं पान उघडून त्या पिवळ्या अंगठ्यावर आपला लहानसा अंगठा ठेवून बघते. तो त्यात मावून अजून जागा उरते.

मित्रांनो, मला वाचा, पण मिटल्यावर जिथे जायचं आहे तिथे जा. आणि पावसाळ्यानंतर पुस्तकं वाळवायला काढाल, तेव्हा मला सावलीत ठेवा. उन्हाने हळद उडते.