दगडी दारामागची जागा

"मेलेल्याला मोठेपणा द्यायला आपलं काय जातं?" असं म्हणत थोरल्या राणीसाहेबांनी हुकमावर शिक्का उठवला. मी शेजारीच उभी होते. या दिवसासाठी मी एकोणीस वर्षं त्यांचे पाय चेपले होते.

त्याआधी मी लान नावाच्या धाकट्या राणीसाहेबांची दासी. त्यांना मुलगा झाला, तो थोरलीने हिसकावला. त्यांना उत्तरेकडच्या पडक्या महालात कोंडलं आणि खाणंपिणं तोडलं. सात दिवसांनी मीच त्यांना चटईत गुंडाळून पुरलं. ती जागा फक्त मला ठाऊक होती.

एकोणीस वर्षांनी सम्राट वारले आणि तोच मुलगा गादीवर आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो तलवारच उपसायला निघाला.

"सरकार, जिने वाढवलं तिला मारलंत तर लोक तोंडात शेण घालतील. तुम्ही फक्त आईला सम्राज्ञीपद द्या. बाकीचं रिवाज बघून घेईल."

पद म्हणजे सोळा अक्षरांचं नाव, पूर्वजांच्या देवळात पाटी आणि सम्राटांच्या थडग्यात त्यांच्या शेजारी जागा. थोरलीला त्याचं काही वाटलं नाही, कारण डावीकडची जागा तिची होतीच. नवऱ्याने जन्मात तिच्याकडे धड पाहिलं नव्हतं. मेल्यावर तरी शेजारी निजायचं, एवढीच तिची आस. स्वतःच्या शवपेटीला ती दरवर्षी लाखेचा नवा हात देववायची.

दफनाच्या दिवशी सम्राटांची आणि मी दाखवलेल्या जागेतून काढलेल्या लान राणीसाहेबांच्या अस्थींची, अशा दोन्ही पेट्या थडग्यात गेल्या. दगडी दार ओढलं गेलं आणि आतला अडसर आपोआप धपकन बसला.

"दार का लावलंत?" थोरलीने विचारलं. "माझं व्हायचंय अजून."

विधींचे प्रधान वाकले. "राणीसाहेब, आत सम्राट आणि सम्राज्ञी निजलेत. आता त्यांची झोप मोडायची रीत नाही. दार उघडं ठेवायचं तर हुकमात तसं लिहावं लागतं. आपल्यासाठी टेकडीपलीकडे जागा बघू."

ती माझ्याकडे वळली. "तुला ठाऊक होतं. बोलली का नाहीस, मेले?"

"लान राणीसाहेब सात दिवस घोटभर पाणी मागत होत्या. तेव्हा तुम्ही कुठे बोललात?"

तिने दारावर दोन्ही तळवे आपटले. आम्ही सगळे खाली बघत उभे राहिलो. मला दया येईल असं वाटलं होतं, पण आली नाही.

त्यानंतर ती बारा वर्षं जगली. वैद्य हात टेकायचे तिथे मी जागून औषधं उगाळली. तिला इतक्या लवकर सुटू द्यायचं नव्हतं.