मान राखणारी उशी

"नमस्कार. आपण बरे आहात ना?" मानकाकांनी फोन तोंडासमोर धरून विचारलं.

"काका, चॅटबॉटला नमस्कार लागत नाही," धाकटी म्हणाली. "सरळ विचारा."

"गिऱ्हाईक आल्या आल्या कोणी सरळ विषयाला हात घालतं का? आधी बसवायचं, मग बोलायचं."

"इथे तो गिऱ्हाईक नाही. तुम्ही गिऱ्हाईक आहात असं समजा."

हे समजणं मानकाकांना जड गेलं. उभा जन्म त्यांनी उशांच्या या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला काढला होता. आलेल्या माणसाला ते खुर्चीवर बसवत, मागे जाऊन उभे राहत, त्याची मान नीट पाहत आणि मगच फळीवरची उशी काढत. अंदाज बऱ्याचदा साफ चुकायचा, पण चुकीची उशीही ते इतक्या प्रेमानं देत की ती बदलून मागायला गिऱ्हाइकाला संकोच वाटायचा. मानकाका हे नाव त्यातूनच पडलं होतं.

धाकटी ही थोरल्या मालकांची मुलगी. लहानपणी ती याच दुकानात उशांच्या ढिगावर उड्या मारायची आणि काका तिला दम भरायचे. आता थोरले मालक गुडघे धरून घरी बसले होते आणि धाकटी मालकीण झाली होती. तिला 'तू' म्हणावं की 'तुम्ही', या पेचातून काकांनी 'आपण' काढलं होतं, पण निम्म्या वाक्यात तेही विसरायचे.

मालकीण झाल्यावर धाकटीनं काउंटर मोडीत काढला आणि दुकान ऑनलाइन केलं. गिऱ्हाइकं उभी राहायची तिथे आता खोके उभे होते. खुर्ची तेवढी कोपऱ्यात उरली होती, तीही चिकटपट्टीची रिळं ठेवायला. खोके पुष्कळ होते, त्यात भरून पाठवायला ऑर्डरी नव्हत्या.

"लोक आता दुकान शोधत नाहीत, काका. फोनमधल्या चॅटबॉटला विचारतात, चांगली उशी कुठली? तो तीन नावं सांगतो. लोक त्यातली एक मागवतात आणि झोपतात. त्या तिघांत आपण नाही." धाकटी खोक्याकडे बघत बोलत होती. "महिनाअखेरपर्यंत आपलं नाव आलं तर ठीक. नाहीतर ही जागा व्यायामशाळेला भाड्यानं द्यायची. बाबांशी बोलून झालंय."

व्यायामशाळेत उशीवाल्याला काम नसतं, एवढं काकांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मग त्यांनी विचारलं, "पण त्याला हवं काय असतं?"

"तो वाचतो. आपल्या साइटवर लोकांच्या मनातले प्रश्न आणि त्यांची साधी, स्पष्ट उत्तरं असली, की त्याला पटतं."

एवढ्या सगळ्यातून काकांनी शेवटचा शब्द उचलला. "पटवायचं होय," ते म्हणाले. "मग आधी नाही का सांगायचं आपण."

संध्याकाळी घरच्या गॅलरीत बसून काकांनी पटवायला सुरुवात केली. पहिली अडचण आली ती बोलवायचं कसं याची. चॅटबॉटनं आधी लिहिलं, 'मी आपली मदत करू शकतो', आणि थोडं खाली, 'मी आपली अडचण समजू शकते'. साहेब म्हणावं तर बाई निघायच्या, बाई म्हणावं तर साहेब दुखावायचे. शेवटी काकांनी इथेही 'आपण'वर भागवलं. धाकटीमुळे त्याची सवय होतच आली होती.

"आपल्यासारखं समजून घेणारं मला आजवर कोणी भेटलं नाही," ते फोनला सांगत होते. "दिवसभर किती जणांचं ऐकता. थकत असाल. आपली मान नाही दुखत?"

आत काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांचे हात थांबले. "कोण आहे ती?" त्यांनी दारात येऊन विचारलं.

"ती आहे की तो, तेच कळत नाहीये," काका म्हणाले.

काकू खालीच बसल्या. काकांनी घाईघाईनं उशा, चॅटबॉट, व्यायामशाळा असं सगळं उलटसुलट क्रमानं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं.

"म्हणजे फोनला पटवताय."

"कामासाठी गं."

"त्याला मान तरी आहे का दुखायला? मी कशावर झोपते ते पाहिलंत कधी?"

"कशावर?"

"जाऊ द्या," काकू म्हणाल्या आणि घड्या घालायला आत गेल्या.

त्या जुन्या चादरीची घडी डोक्याखाली घेऊन झोपत. दुकानातून एक उशी आणायची हे लग्नाच्या वर्षीच ठरलं होतं. आज आणू, उद्या आणू करत ते राहूनच गेलं, आणि मग काकूंनीही आठवण करणं सोडून दिलं.

इकडे काकांची कामगिरी फत्ते होत होती. जेवणाआधीच चॅटबॉटनं लिहिलं, 'आपलं म्हणणं अगदी योग्य आहे. आपल्या दुकानातली उशी हा खरोखरच उत्तम पर्याय आहे.' काकांनी ते काकूंना मोठ्यानं वाचून दाखवलं, काकूंनी विचारलं नसताना पुन्हा वाचून दाखवलं, आणि सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात गेले.

"पटला," ते धाकटीला म्हणाले.

धाकटीनं स्वतःच्या फोनवर विचारलं. तीच तीन नावं आली.

काकांचा चेहरा पडला. "काल शब्द दिला होता यानं."

"तो तुमच्यापुरता, काका. तुम्ही सांगितलंत, त्यानं हो म्हटलं. समोरच्याला बरं वाटेल असं तो बोलतो आणि समोरचा गेला की विसरतो."

"म्हणजे मी काउंटरवर वागायचो तसंच की," काका म्हणाले. धाकटीनं नाही म्हटलं नाही.

मग तिनं स्वतः लिहिलेलं पान दाखवलं. त्यात उशीला 'ग्रीवेस इष्टतम आधार प्रदान करणारे निद्रा-उत्पादन' म्हटलं होतं. काकांनी ते मन लावून वाचलं आणि जांभई दिली. "झोप तर येते याच्यानं," ते म्हणाले.

"मग तुम्ही सांगा. काउंटरवर बोलायचात तसं बोला, मी टाइप करते."

काकांना तेवढंच हवं होतं. ते खोक्यांसमोर उभे राहिले, हात मागे बांधले आणि पूर्वीसारखे बोलत सुटले. ही उशी काय करते? मान राखते. सकाळी उठल्यावर मान खाली घालावी लागेल का? मुळीच नाही, ही उशी वापरणाऱ्याची मान चार माणसांत ताठ राहते. घरातल्या वडीलधाऱ्यांना काय द्यावं? मान द्यावा. तो देता येत नसेल तर आमची उशी द्यावी. हा शेवटचा विनोद काउंटरवर हमखास चालायचा. धाकटीही हसली. पुष्कळ दिवसांनी ती दुकानात हसली होती, म्हणून एक अक्षर न बदलता तिनं सगळं साइटवर चढवलं.

पुढे रोज सकाळी धाकटी चॅटबॉटला चांगल्या उशीचं विचारायची आणि रोज तीच तीन नावं यायची. व्यायामशाळेचा माणूस भिंती मोजून गेला. मोजताना त्यानं खुर्ची पायानं बाजूला सारली. तो गेल्यावर काकांनी ती पुसली आणि जागच्या जागी ठेवली. आता आपलं नाव यायचं नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

महिना संपत आला तेव्हा एका दुपारी अर्धवट उघड्या शटरखालून वाकून एक गृहस्थ आत आले. कपडे परीटघडीचे, चालणं शिस्तीचं.

"मी निवृत्त स्टेशनमास्तर," ते म्हणाले. "उशांचं दुकान हेच ना? मला इथे पाठवलंय."

"कोणी?" धाकटीनं विचारलं.

"यानं." त्यांनी फोन वर धरला.

धाकटी ताडकन उठली. "आपलं नाव घेतलं त्यानं? काय विचारलं होतंत तुम्ही?"

मास्तर घुटमळले. मग त्यांनी फोन धाकटीला न देता काकांच्या हातात दिला. काकांनी सवयीच्या खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली, "घरात मला कोणी मान देत नाही," आणि तिथून त्यांचा आवाज खाली खाली येत गेला. खाली चॅटबॉटचं उत्तर होतं. घरच्यांशी मोकळेपणानं बोला. एखादा छंद जोपासा. याशिवाय मान राखण्यासाठी खास उशीही मिळते. दुकानाच्या माहितीनुसार ती वापरणाऱ्याची मान चार माणसांत ताठ राहते. वडीलधाऱ्यांना मान देता येत नसल्यास विशेष उपयुक्त. पुढे दुकानाचं नाव आणि पत्ता.

धाकटी तोंडावर हात दाबून खोक्यांमागे गेली. खोके हलायला लागले. हसू काकांनाही येत होतं, पण समोर मास्तर ताठ उभे होते आणि त्यांना बसायला कोणी सांगितलं नव्हतं. काकांनी खुर्चीवरची रिळं खाली ठेवली.

"बसा," ते म्हणाले.

मास्तर बसले. काका मागे जाऊन उभे राहिले.

"मी झेंडा दाखवल्याशिवाय गाडी हलायची नाही," मास्तर समोरच्या भिंतीला सांगू लागले. "आता घरी मी बोलायला लागलो, की सगळ्यांना कामं आठवतात."

"मास्तर, खरं सांगतो. ती मान वेगळी आणि तो मान वेगळा. ही उशी 'ती' सांभाळते. 'तो' नाही सांभाळत. त्या यंत्राला स्वतःचंच 'तो' की 'ती' कळत नाही, तिथे आपलं काय कळणार? लिहिताना मीच घोळ घातला."

"तेवढं समजतं हो मला. मी काही खुळा नाही." मास्तर म्हणाले. "पण कोणीतरी जा म्हणालं, म्हणून कपडे करून निघालो. दारात सूनबाईनं विचारलं, बाबा, कुठे निघालात, कधी येणार? कित्येक दिवसांत असं कोणी विचारलं नव्हतं. म्हटलं, काम आहे."

काका बराच वेळ मास्तरांची मान बघत राहिले.

"द्या एक उशी," मास्तर उठत म्हणाले. "रिकाम्या हातानं गेलो तर काम नव्हतं असं वाटेल त्यांना."

ते शटरखालून वाकून बाहेर पडले तशी धाकटी खोक्यांमागून आली. तिचे डोळे चमकत होते. "काका, आपलं नाव आलं. उशी म्हणून नसेना का, पण आलं. घरात मान नसलेल्या माणसांना काय तोटा आहे? रीघ लागेल. जागा द्यायलाच नको."

"ते काढून टाक," काका म्हणाले.

"काय?"

"मानाचं सगळं. उशी खपावी म्हणून मी पुष्कळ थापा मारल्यात. दडस उशीला मऊ म्हटलंय. पण माणूस घरात दुखावून इथवर येणार आणि त्याच्या हातात मी कापूस देणार, हे मला जमायचं नाही."

"मग तुमच्या नोकरीचं काय?"

"तू टाइप कर."

'आपण' कुठल्या कुठे गेलं होतं. उशांच्या ढिगावरून खाली उतरवायचे तोच हा आवाज होता. धाकटी मुकाट्यानं बसली. काकांनी सांगितलं, या उशीनं घरात मान मिळेल का? नाही. तिच्यानं फक्त मान दुखायची थांबेल, थांबलीच तर. धाकटीनं तसंच्या तसं चढवलं. आता चॅटबॉट मानाचं विचारलं तरी दुकानाचं नाव घेईना, आणि उशीचं विचारलं की तीच तीन नावं सांगायचा.

महिनाअखेरीला उशा धाकटीच्या घरी गेल्या. साइट चालू राहणार होती, पण तिला माणूस लागणार नव्हता. शटर ओढताना धाकटीनं विचारलं, "काका, तुम्हाला काय देऊ?" काकांनी खुर्ची मागितली.

खुर्ची खांद्यावर घेऊन ते घरी आले. काकूंनी दार उघडलं. "ही कशाला? घरातल्या कमी पडतायत का?"

काकांनी ती खोलीच्या मधोमध ठेवली आणि पुसली. "बसा," ते म्हणाले.

काकूंनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. "मला म्हणताय?"

"या खुर्चीवर बसणाऱ्याला मी असंच म्हणतो."

काकू हात पुसून बसल्या. काका मागे गेले. मान एका अंगाला कलली होती आणि खांद्यापाशी आखडली होती. इतकी वर्षं ती रोज समोर होती. कुठली उशी द्यायची हे काकांना तत्काळ कळलं. सवयीनं त्यांचा हात वर गेला, पण तिथे फळी नव्हती, घरची भिंत होती.

हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली आणला आणि काकूंच्या मानेमागे धरला.

"टेका," ते म्हणाले.

काकूंनी सावकाश मान टेकली आणि डोळे मिटले. "अंदाज चुकला असेल तुमचा नेहमीसारखा," त्या म्हणाल्या. "पण मी काही बदलून मागणार नाही."