सासूचा उतार

"एकदा जरी तो शब्द तोंडातून निघाला ना, तर पुढच्या रविवारपासून मी एकटी येणार," मी बजावलं.

"कुठला शब्द?" हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवत ह्यांनी विचारलं. चेहरा असा भोळा, की जन्मात कधी कुणाला काही बोललेच नाहीत.

"सावकाश."

"बरं."

"'जपून' पण नाही. 'बघ हं' नाही. खाकरायचंसुद्धा नाही."

"श्वास घेतलेला चालेल ना?"

आमचे हे गाडी चालवायला शिकवतात. त्यांच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक आहे. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात असलं, तरी गाडी खरी चालते ती ह्यांच्या उजव्या पायावर. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलं, पण आजवर कुणी साधी कोंबडीही चिरडली नाही, याचा त्यांना केवढा अभिमान! पंचाईत एवढीच, की तो पाय घरी आल्यावरही सुट्टीवर जात नाही. मी भरलं पातेलं उचललं की ह्यांचा पाय फरशीवर दाबला जातो. मुलीनं आपलं लग्न आपणच ठरवल्याचं जेवताना सांगितलं, तेव्हा टेबलाखाली असा काही ब्रेक लागला, की ह्यांच्या पोटरीत गोळा आला. पायाच्या जोडीला तोंड आहेच. "सावकाश गं, सावकाश."

मुलगी लग्न होऊन दूर गेली आणि घर सुनं झालं. मी पोस्टातल्या एका मैत्रिणीच्या नादानं, बायकांच्या एका गटाबरोबर डोंगरात सायकल चालवायला लागले. या वयात? हो, या वयात. हे पायथ्याशी गाडीत चहाचा थर्मास घेऊन बसायचे आणि मी परतले की आधी माझे हातपाय जागेवर आहेत का ते बघायचे. शेवटी मीच म्हटलं, तुम्हीही या. ते लगेच कुणाचीतरी उसनी सायकल घेऊन हजर. पण मला सोबती हवा होता, पहारेकरी नको होता. म्हणून ही अट.

पहिल्याच उताराला ह्यांनी पुढचा ब्रेक करकचून आवळला. सुट्या खडीवर असं केलं की चाक थांबतं, माणूस थांबत नाही. हे हँडलवरून उडाले ते थेट झुडपात. आमच्या गटाची म्होरकी दातांची डॉक्टर आहे. तिनं सवयीनं आधी ह्यांचे दात पाहिले, मग गुडघा.

"काका, काय ब्रेक मारायचा तो खडीच्या आधी मारून घ्या," ती म्हणाली. "एकदा आत शिरलात की सोडून द्या. चाक आपली वाट आपण शोधतं."

"सोडून द्या?" दात घासणं सोडून द्या असं सांगितल्यासारखे हे तिच्याकडे बघत राहिले.

पण तोंडातून ब्र काढला नाही. मी पुढे, हे मागे. एका वळणावर माझं चाक घसरलं, तेव्हा मागून "सा..." असं आलं. मी वळून पाहिलं.

"सायकल छान आहे हं तुझी," हे म्हणाले.

शेवटच्या उताराचं नाव सासू. हे बारसं गटातल्या बायकांनीच केलंय. खडकाच्या उंचसखल पायऱ्या, आणि मध्ये थांबायला जागा नाही. सासूचं तोंड बघत बसलं की पाय लटपटतात, तेव्हा नजर पलीकडे ठेवून सरळ निघून जायचं, असं जुन्या जाणत्या सांगतात. मला काही सासुरवास नव्हता. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई भिंतीवरच्या फोटोत होत्या, ह्यांच्या लहानपणापासूनच. म्हणूनच की काय, डोंगरातल्या सासूची मी जरा जास्तच धास्ती घेतली होती. दर वेळी वरच सायकलवरून उतरायचे आणि ती ढकलत खाली न्यायचे.

बाकीच्या खाली पोचून हाका मारत होत्या. मी वर उभी, हे शेजारी. खरं सांगते, त्या क्षणी ह्यांनी तो शब्द उच्चारावा असं मला फार वाटलं. उतरायला आयतं निमित्त मिळालं असतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, कान लाल. मग मी तरी काय करणार? पलीकडच्या झाडावर नजर लावली आणि बोटं ढिली केली.

दाणदाण दाणदाण! हाडं खिळखिळी झाली, पण चाकानं खरंच वाट शोधली. मी खाली! बायकांनी मला सायकलसकट मिठी मारली. मी आनंदानं ओरडत मागे वळून पाहते तर काय, ह्यांनी सायकलवर टांग टाकलेली.

"अहो..." पुढचा शब्द जिभेवर आला होता. मी तो गिळला.

गुडघे दोन दिशांना आणि तोंडात "आई गंऽऽ" अशा थाटात हे सगळा उतार उतरले आणि खालच्या सपाट गवतावर येऊन, काही कारण नसताना, पडले. पडल्या पडल्या हसायला लागले. मी त्यांच्याशेजारी बसकण मारली.

"बोललो का काही?"

"नाही."

"मग पुढचा रविवार?"

"या की." मग मला राहवेना. "एक सांगू? मघाशी तुम्हाला वर बघून तो शब्द माझ्याच तोंडात आला होता. गिळून टाकला."

ह्यांचं हसू थांबलं. गवताची एक काडी उपटून ते ती बोटाला गुंडाळत बसले.

"गिळलास कशाला?" ते म्हणाले. "मला कुणी म्हटलंच नाही गं कधी. आई असती तर म्हणाली असती."

"तुम्ही जोरात गेलात कधी, की मी म्हणावं?" मी म्हटलं खरं, पण लगेच मनात आलं, इतकी वर्षं सगळ्यांना सांभाळणाऱ्या या माणसाला कुणी एवढंसुद्धा म्हणू नये? मी उठले. "चला, परत वर."

"आत्ता?"

"आत्ता."

चहा गार होतोय म्हणून खालून बायका ओरडत होत्या. आम्ही धापा टाकत सायकली वर नेल्या. हे सीटवर बसले, एक पाय पेडलवर, एक खडकावर, आणि माझ्याकडे वळून थांबून राहिले.

"अहो, सावकाश हं," मी म्हटलं.

"हो गं!" हे म्हणाले, आणि ब्रेक सोडून सुसाट गेले.