आज गं बंद

गुंडूला डोहावर न्यायचं ठरलं तवाच माझं डोस्कं फिरलं.

मी आण्णाप्पाला म्हणलो, "हुणाऱ्या मेव्हण्याला घिऊन जायला ती काय जत्रा हाय? वरसातनं एक दिवस आमचा, त्योबी तुझ्या सासरवाडीला दिऊन टाक!"

आण्णाप्पा खाली बघून पिशवी भरत हुता. म्हणाला, "मागंच लागलाय रं त्यो. न्हाय म्हणलं असतं तर का न्हाय म्हणून इचारलं असतं. मग काय सांगू?"

हे खरं हुतं, म्हणून मला आणखीनच राग आला.

आण्णाप्पा आणि मी सहा वरसं बेळगावात एका खोलीत ऱ्हात हुतो. तो निपाणीचा, पाटबंधारे खात्यात कारकून. मी काकतीचा, छापखान्यात खिळे जुळवणारा. दोघं बिनलग्नाचे, एकमेकाला सोबत, असं म्हणून लोक गप्प बसायचे. खोलीत खाटा दोन हुत्या. एकीवर सहा वरसं नुसते इस्त्रीचे कपडे आणि जुनी मासिकं. आता निपाणीला त्याच्या म्हाताऱ्या आईनं त्याचं लगीन ठरवलं हुतं, सदलग्याच्या सुलाशी. पंधरा दिवसांवर आलतं. चौऱ्याऐंशीचा मे म्हैना.

आमचं एक भटकंती मंडळ हुतं. त्याचे कागद मीच छापलेले, वर डोंगराचं चित्र टाकून. मंडळात माणसं चार. आम्ही दोघं, गणपत गल्लीत हार इकणारा देवाप्पा आणि कोर्टातले बेलीफ मारुतीराव. मारुतीरावांना बायको, दोन पोरी. पर चौघंबी एकाच माळेचे मणी, बाप्यांवर जीव जडलेले. वरसभर पोटात दाबून ठेवायचं आणि उन्हाळ्यात एक दिवस कणकुंबीच्या रानात मलप्रभेच्या डोहावर जाऊन मोकळं व्हायचं. तिथं आम्ही एकमेकाला आक्का म्हणायचो. "देवाक्का, साबण दे गं." "मारुताक्का, पोट किती सुटलं गं तुझं!" मारुतीरावांनी दार वाजवलं की बेळगावात लोकांना घाम फुटायचा, आणि डोहावर हे लाजून पंचा ओढून घ्यायचे.

आदल्या दिवशी मारुतीरावांनी आम्हाला बसवून सांगितलं, "उद्या गं बंद. गुंडू हाय. फक्त रं. ज्याच्या तोंडातनं गं निघंल त्यानं येताना सगळ्यांची भांडी वहायची."

"चालंल गं," देवाप्पा म्हणाला, आणि जीभ चावली. आम्ही हसलो. मारुतीराव हसले न्हाईत.

आता खरं सांगतो. बसमधी माझ्या मनात काय चाललं हुतं? एक गं. गुंडूसमोर आण्णाप्पाच्या गळ्यात हात टाकून लाडानं एकच गं. की मोडलं लगीन, सुंठीवाचून खोकला गेला. जांबोटी येईपतोर तो गं मी सुपारीगत तोंडात घोळवत हुतो.

गुंडू तिशीतला शेतकरी गडी, झुपकेदार मिशीचा. डोहावर पोचल्यावर त्यानं फडकं सोडलं. शेंगाच्या पोळ्या हुत्या. "सुलीनं केल्यात. भरमूअण्णाला दोन जास्त द्या म्हणलीया. आमच्या हुणाऱ्या मालकांना सहा वरसं त्यांनीच सांभाळलंय म्हणं."

भरमूअण्णा म्हंजी मी. पोळी लई चांगली झालती. माझ्या घशाखाली उतरंना. तिथंच मी तो गं गिळला. त्या पोरीनं माझं काय वाईट केलं हुतं?

जेवून आण्णाप्पा पाण्यात उतरला. गुंडूला पोहता येत न्हवतं, तो काठावर बसून वाहवा करत हुता. म्हणून हे आणखी चेव येऊन सूर मारायला लागलं. तिसऱ्या सुराला वर आलं ते अर्धंच. तोंड पाण्याबाहेर, पुन्हा आत. पाय तळाच्या कपारीत अडकला हुता.

मी खडकावर पालथा पडलो आणि त्याचं मनगट धरलं. देवाप्पानं बुडी मारली. आण्णाप्पाचे डोळे पांढरे व्हायला लागले आणि त्याची बोटं माझ्या हातातनं निसटायला लागली. मी बोंबललो. रान सगळं ऐकत हुतं, "सोडू नको गं! माझा हात सोडू नको गं! आक्का, सोडू नको!"

देवाप्पानं खाली धोंडा सारला. आण्णाप्पा सुटला. घोटा सोलपटून निघालता, पर माणूस जिता हुता. माझा जीव भांड्यात पडला, आणि मग ध्येनात आलं, माझ्या तोंडातनं काय निघालं ते. मारुतीराव जमिनीकडं बघायला लागलेले.

गुंडू उठला. डोळ्यांत पाणी. "भरमूअण्णा, नदीला हाक मारलासा व्हय?"

"तर!" देवाप्पा धापा टाकत म्हणाला. "मलप्रभा आमची थोरली आक्काच की!"

गुंडूनं हात जोडले. उरलेली एक पोळी पानावर ठिवून पाण्यात सोडली.

परतीच्या बसमधी आण्णाप्पा माझ्या शेजारी बसला. खानापूर गेल्यावर हळूच म्हणाला, "मुद्दाम म्हणलास न्हवं?"

"मुडद्या, मरत हुतास तू!"

त्यानं खिडकीकडं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून निपाणीला गेला. सहा वरसांत मला एवढं कुणी मारलं न्हवतं.

लग्नाला मी जाणार न्हवतो. गुंडू सदलग्याहून बेळगावला आला आणि हाताला धरून घिऊन गेला. मांडवात जो भेटंल त्याला माझ्याकडं बोट दाखवून नदीची गोष्ट. बाया माझ्या पाया पडायला लागल्या, आणि मला भुई गिळंल तर बरं असं झालं. शेवटी त्यानं मला हळदीच्या पाटापाशी नेऊन उभा केला. नवरा-नवरी शेजारी बसलेले. आण्णाप्पानं मान वर केली न्हाय.

सुलानं केली. बारीक चणीची, डोळे लई हुशार. "भरमूअण्णा, एक इचारू? दादा म्हणतोय तुम्ही 'सोडू नको गं' म्हणलासा. पर नदीनं तर धरलं हुतं. तिला 'सोड' म्हणायला पायजे. 'सोडू नको' कुणाला म्हणलासा?"

आजूबाजूला बायका गाणी म्हणत हुत्या. गुंडू तोंड उघडं टाकून माझ्याकडं बघत हुता, त्याला हे सुचलंच न्हवतं. आण्णाप्पा हळदीचे हात पुन्हापुन्हा पंचाला पुसायला लागला. जांबोटीपतोर मी घोळवलेला गं त्या पोरीनं आपणहून माझ्या हातावर ठिवला हुता. खरं बोललो असतो तर तिचंबी भलं झालं असतं. हे मला तवाबी कळत हुतं. त्या पोरीला मी फसवलं, ह्याला दुसरं नाव न्हाय.

"दादानं चुकीचं ऐकलंय, बाई," मी म्हणलो. "मी म्हणलो, सोड गं. सोड त्याला."

तवा आण्णाप्पानं वर बघितलं. पंधरा दिवसांत पैल्यांदा, सरळ माझ्याकडं. डोहावरचा गं मुद्दाम न्हवता, हे त्याला आता कळलं हुतं. डोळे भरून आलते. कुणीतरी म्हणालं, हळद गेली वाटतं डोळ्यांत.

सुला हसली. "आणि सोडलं की हो तिनं!"

"व्हय बाई," मी म्हणलो. "सोडलं."