चार म्हणजे चार

अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या आमच्या श्रूजबरीच्या मराठी मंडळात चार वाजता म्हणजे पाच वाजता. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कोणी सांगत नाही. २००६ च्या दिवाळी कार्यक्रमाची पत्रिका मी केली (कमिटीवरची पहिली हायस्कूलवाली मी, नोंद घ्यावी) आणि मीही सांगितलं नाही.

पहिला कार्यक्रम चंद्रशेखरकाकांच्या बँडचा. काका आता रिटायर्ड इंजिनिअर. पण सत्तरच्या दशकात ते इंग्लंडमध्ये, लूटनला, शिकायला होते आणि कीथ आणि रॉय या दोघांबरोबर पबमध्ये ड्रम्स वाजवायचे. पहिल्या वर्षी आठवड्याला एक पब, दुसऱ्या वर्षी पाच. एक रेकॉर्डही निघाली. मग कानात सेफ्टी पिना अडकवलेली पंक बँडवाली पोरं आली आणि लोकांना तीच आवडायला लागली. शेवटच्या दिवशी ऐकायला तिघे होते. त्यातला एक पबचा मालक, आणि तो लाइट बंद करायला थांबला होता.

काकांचं लग्न त्यानंतरचं. त्यामुळे शैलजाकाकूंनी त्यांना वाजवताना कधीच पाहिलं नाही. कीथ बॉस्टनला मुलीकडे येतोय आणि रॉयही येतोय हे कळल्यावर काका माझ्याकडे आले. "रुचा, दहा मिनिटं दे. काकूला एकदा दाखवायचंय."

मी पंधरा दिली.

कीथ आणि रॉय पावणेचारला शाळेच्या हॉलमध्ये हजर. बरोब्बर चारला कीथने गिटार गळ्यात अडकवली. काका म्हणाले, जरा थांबू या. कीथ म्हणाला, पत्रिकेत चार लिहिलंय, आणि आपण शेवटच्या दिवशीसुद्धा उशीर केला नव्हता. समोर तीनशे खुर्च्या. त्यांत मी, खुर्च्या लावणारे संजीवकाका आणि संजीवकाकांची झोपलेली आई.

"तीन," काकांनी मोजलं. "सेम."

सव्वाचारला त्यांचं वाजवून संपलं. पाचला लोक आले. काकू बटाटेवड्यांचे ट्रे घेऊन तडक कॅफेटेरियात गेल्या. स्टेजवर फॅन्सी ड्रेस सुरू झाला. मी कमिटीकडे मध्येच पाच मिनिटं मागून पाहिली, पण एकोणीस मुलं होती आणि प्रत्येकाला आई होती.

मी जाऊन कीथला सॉरी म्हटलं. त्याने विचारलं, हे लोक नंतर कुठे जाणार? जेवायला, मी म्हणाले. तिथे ऐकतील का? नाही, खातील, गप्पा मारतील, रांगेत भांडतील. कीथने रॉयकडे पाहिलं. हा तर पबच झाला, रॉय म्हणाला.

सात वाजता आम्ही ड्रम्स कॅफेटेरियात नेले. जागा कचऱ्याच्या पिंपाशेजारीच होती. काकांनी झब्ब्याच्या बाह्या वर केल्या आणि सुरुवात केली. कोणी मान वर केली नाही. दुसऱ्या गाण्याला मात्र रांग थांबली. आमटी संपली का, असं मागून कोणीतरी विचारलं. आमटी भरपूर होती. काकूंच्या हातातला डाव पातेल्यावर अधांतरी होता आणि त्या पिंपाच्या दिशेने बघत होत्या.

"काकू, वाढताय ना?" ताट पुढे करून संजीवकाका म्हणाले.

"थांब जरा," काकू म्हणाल्या.