सलग एकोणचाळिसावा विजय

हृदय दुबळं झाल्याचं निदान झालं, तेव्हापासून अबू निझार तावल्याचा, म्हणजे फासे-सोंगट्यांच्या खेळाचा, एकही डाव हरले नव्हते. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, पाणी मापून प्यायला सांगितलं, जिने कमी केले. फासे मात्र असे पालटले की सैदा शहराच्या बंदरावरच्या कहवाखान्यात त्यांनी सलग अडतीस डाव मारले. चाळीस वर्षं छाती ठणठणीत होती, तेव्हा एवढं नशीब कधी फिरकलं नव्हतं.

एकोणचाळिसाव्या डावात हिकमत न्हाव्याला दोन्ही फाशांवर सहा पडले. समोर अबू निझारांची सोंगटी एकटीच उघडी बसलेली. हिकमतने कान खाजवला आणि भलतीच सोंगटी सरकवली.

"मार ती," अबू निझार म्हणाले.

"कुठली? दिसली नाही बुवा."

"दिसत नाही? मग सकाळपासून लोकांच्या गळ्यावर वस्तरा कशाच्या भरवशावर फिरवतोयस?"

कहवाखाना हसला, पण जपून. आजाऱ्यासमोर हसतात तसा.

"कोणी सांगितलं तुला हरायला?"

"वहिनी येऊन गेल्या," हिकमत पुटपुटला. "म्हणाल्या, यांना त्रास होईल असं काही करू नका. आणि हरलास की तू केवढा पेटतोस, ते काय आम्हाला ठाऊक नाही?"

"हे बघ, मीठ गेलं, सिगारेट गेली. तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपतो. ते हृदयानं नेलं, त्याच्याशी भांडता येत नाही. पण माझं हरणं तुम्ही नेलंत. तुमच्याशी भांडता येतं."

"अरे, पण तुला काही झालं तर?"

"झालं तर रडा. आत्तापासून कसला दुखवटा पाळताय? घे चाल परत. नाहीतर उद्यापासून दाढी समोरच्या दुकानात."

हिकमतने स्टूल पुढे ओढलं, अबू निझारांची ती सोंगटी मारून उचलली आणि पटाच्या मधल्या पट्टीवर खाडकन आपटली.

"जन्मभर क्रेन चालवलीस, लेका, आणि एक सोंगटी घरी नेता येईना?"

"खेळ, खेळ. तोंडानं डाव जिंकत नाहीत."

पण हिकमत जिंकला, तोही दुपटीनं. अबू निझारांचे कान लाल झाले, श्वास वर आला, आणि त्यांनी हिकमतच्या सात पिढ्यांची चौकशी केली.

हरणाऱ्याने पट काखेत मारून घरी शिकायला जायचं, ही तिथली रीत. हिकमतने पट मिटला आणि तो घुटमळला. वजनदार पट, अक्रोडाच्या लाकडाचा.

अबू निझारांनी कोपर उचलून काख पुढे केली. "ठेव."

सगळा कहवाखाना हसला, या वेळी पोट धरून. घरापर्यंतच्या गल्लीत ते तीनदा थांबले. दम लागला का, असं विचारणाऱ्या शेजाऱ्याला त्यांनी सांगितलं, "छे! हिकमतला शिव्या घालायला थांबलोय. चालता चालता नीट जमत नाही."